तळ ऐकायचा कसा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पावसाळा सुरू झाला की जळगाव जिल्ह्याच्या बातम्यांत एक वाक्य हमखास असते. हतनूरचे इतके दरवाजे उघडले, तापीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा. पुढे दिवाळी उलटते, उन्हे तापू लागतात आणि त्याच धरणाविषयी दुसरे वाक्य सुरू होते : साठा आता इतके टक्के. वाघूरचे असेच, गिरणेचे असेच, तिकडे धुळ्याला अक्कलपाड्याचे असेच. या टक्क्यांवरून शेतकरी पुढचे आवर्तन मिळेल की नाही याचा अंदाज बांधतो आणि नळाला पाणी किती दिवसांआड सोडायचे हे गावोगावी ठरते. पण हे टक्के मोजतात कसे, हे आपण सहसा विचारत नाही.

पद्धत साधी आहे. धरणात पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी असते. पातळी वाचायची आणि तक्ता उघडायचा. इतकी पातळी म्हणजे इतके दशलक्ष घनमीटर पाणी, असे तक्त्यात लिहिलेले असते. हतनूरची मूळ साठवण ३८८ दशलक्ष घनमीटर, हा आकडा अशाच तक्त्यातला. मुळातला तक्ता तयार होतो तो धरण बांधण्यापूर्वी, जेव्हा दरी कोरडी असते आणि माणसाला तिच्यात उतरून मोजमाप करता येते.

आता नदी काही नुसते पाणी आणत नाही. हतनूरच्या वरच्या अंगाला चांगदेवजवळ तापीला पूर्णा मिळते. ही पूर्णा अकोला-बुलढाण्याची काळी माती कालवून येते. धरणात पाणी संथ झाले की ती माती खाली बसते. घरातल्या धान्याच्या कोठीत तळाला दगड भरले आणि वर ज्वारी ओतली, तर बाहेरून कोठी भरलेलीच दिसते. धरणाची पट्टी अशीच फसते. पातळी तीच, टक्के तेच, पाणी मात्र कमी. जुना तक्ता वापरून सांगितलेले टक्के म्हणजे गाळासकट सांगितलेले टक्के होत.

म्हणून दर काही वर्षांनी तळ नव्याने मोजावा लागतो. उपग्रहाच्या चित्रांवरून हे काम काही अंशी होते. नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ज्याला सगळे ‘मेरी’ म्हणतात तिने, राज्यातल्या धरणांचा असा अभ्यास केला आहे. पाणी जसजसे उतरते तसतसा काठ कुठे सरकतो हे उपग्रहाला दिसते आणि त्यावरून उघड्या पडलेल्या भागातला गाळ काढता येतो. पण उन्हाळ्यातही जे पाण्याखालीच राहते, त्या भागाचे काय? तिथे उपग्रहाचा डोळा पोचत नाही. तापीच्या पुराच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातला तर आपलीच बोटे आपल्याला दिसत नाहीत. रडारच्या लहरी पाण्यात शिरताच विरतात. स्वच्छ समुद्रातसुद्धा २०० मीटरच्या खाली सूर्यप्रकाश जवळजवळ संपतो. पाण्यात दूरवर जाणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे आवाज.

आज ज्या यंत्राविषयी बोलायचे आहे ते या आवाजाचे यंत्र. खोल समुद्रात मासे शोधणाऱ्या नौकांवर ते असते, समुद्रतळाचे नकाशे करणाऱ्या जहाजांवर असते आणि धरणाचा गाळ मोजणाऱ्या छोट्या नावेच्या बाजूलाही ते बांधलेले असते. त्याला सोनार म्हणतात. त्याचे तोंड आणि कान दोन्ही एकच, त्याचे नाव ट्रान्सड्यूसर. गेल्या काही दशकांत या ट्रान्सड्यूसरमध्ये जो बदल झाला, त्याला ‘वाइडबँड’ म्हणतात. खान्देशाला समुद्र नाही, तरीही या बदलाशी आपला संबंध का आहे हे हळूहळू ध्यानात येईल.

पाण्यात आवाज किती वेगाने जातो हे १८२६ मध्ये जिनिव्हाच्या सरोवरात मोजले गेले. कोलादों नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने सरोवराच्या एका बाजूला पाण्यात घंटा सोडली. घंटेवर ठोका पडला की त्याच क्षणी दारूचा भडका उडायचा. दुसऱ्या बाजूला, तेरा-चौदा किलोमीटरवर, एक लांब नळा पाण्यात बुडवून कान लावलेला. भडका दिसला आणि आवाज आला, यांतले अंतर मोजले. वेग निघाला सेकंदाला १४३५ मीटर. हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. आजही हिशेबाला आपण सेकंदाला १५०० मीटर धरतो. नावेतून आवाज सोडला, तळावर आपटून परत आला, त्याला लागलेला वेळ मोजला, वेगाने गुणले आणि निम्मे केले की खोली हाती येते. २० मीटर खोल धरणात हा सगळा प्रवास सेकंदाच्या चाळिसाव्या भागाच्या आसपास संपतो. पाच किलोमीटर खोल समुद्रात मात्र साडेसहा सेकंद वाट पाहावी लागते.

कल्पना सोपी, पण पाण्यात जोरदार आणि आखीव आवाज काढायचा कसा, हे कोडे होते. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली आणि हिमनग आधी ओळखता यावा म्हणून अनेकांनी डोके लावले. अमेरिकेत फेसेंडेनने १९१४ मध्ये हिमनगावरून आलेला प्रतिध्वनी पकडला. पुढे महायुद्धात पाणबुड्यांचा धोका वाढला आणि फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँने १९१७ मध्ये क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीच्या स्फटिकाचे पातळ तुकडे पोलादाच्या दोन चकत्यांमध्ये बसवून नवे साधन बनवले.

या स्फटिकाची करामत आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसते. गॅस पेटवायचा खटक्याचा लायटर घ्या. त्यात बॅटरी नसते. खटका दाबला की आतल्या तुकड्यावर हातोडी बसते आणि त्या दाबानेच वीज तयार होऊन ठिणगी पडते. क्युरी बंधूंनी हा गुण १८८० मध्ये शोधला. त्याचे उलटेही खरे आहे. अशा तुकड्याला वीज दिली तर तो किंचित फुगतो, आकसतो. वीज भराभर उलटसुलट केली की तो थरथरतो आणि पाण्यात आवाज सुटतो. परत आलेला प्रतिध्वनी त्याच तुकड्यावर आदळतो, तेव्हा पुन्हा वीज निर्माण होते. म्हणजे बोलणाराही तोच आणि ऐकणाराही तोच. पुढे क्वार्ट्झची जागा भट्टीत भाजलेल्या खास चिनी मातीसारख्या पदार्थाने घेतली. शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांचा हा पदार्थ १९५० च्या दशकात आला आणि आजही बहुतेक ट्रान्सड्यूसरमध्ये तोच आहे.

आता खरी गोम येते. प्रत्येक घन वस्तूचा स्वतःचा एक सूर असतो. देवळातल्या घंटेवर ठोका मारा, ती तिच्याच सुरात वाजणार आणि बराच वेळ घुमत राहणार. जुना ट्रान्सड्यूसर अशी घंटा होता. ५० किलोहर्ट्झचा असेल तर ५०, २०० चा असेल तर २००, आजूबाजूला फारसे काही नाही. हे दोन्ही सूर माणसाच्या कानापलीकडचे, पण माशाला आणि गाळाला त्याचे काय! त्या एका सुराने इतके कळते की खाली काहीतरी आहे आणि ते इतक्या खोलीवर आहे. काय आहे, हे कळत नाही.

भुसावळसारख्या जंक्शनवर पूर्वी गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन रेल्वेचा माणूस चाकांवर ठोके देत जाई. चाक धड असेल तर खणखणीत वाजे, तडा असेल तर बद्द. तो माणूस नुसता आवाज आला की नाही हे ऐकत नसे, आवाजाचा पोत ऐकत असे. हातोडीच्या ठोक्यात लहानमोठे अनेक सूर एकदम असतात आणि चाक त्यांतले कोणते परत देते यावरून त्याची प्रकृती समजते. कलिंगड घेताना आपणही टिचकी मारून तेच करतो. वाइडबँड सोनार म्हणजे पाण्याखाली मारलेली अशी टिचकी. एका सुराऐवजी अनेक सूर पाठवायचे आणि कोणता सूर किती परत आला हे ऐकायचे.

एक गोंधळ आधीच दूर करतो. ‘वाइड’ म्हणजे रुंद, म्हणून पुष्कळांना वाटते की हे यंत्र पाण्याखालचा रुंद भाग दाखवते. तसे नाही. रुंद भाग दाखवायला पंख्यासारखे अनेक झोत एकाच वेळी सोडणारे मल्टिबीम सोनार वेगळे असते. इथली रुंदी सुरांची आहे. मंद्रापासून तारापर्यंत गाता येणारा गळा, असे म्हणा.

असा गळा बनवणे अवघड का? भाजलेला तो पदार्थ पाण्यापेक्षा फार कडक आहे. ध्वनीच्या हिशेबात जवळजवळ वीस पट. विहिरीचा जाड नाडा घ्या, त्याच्या टोकाला बारीक सुतळी बांधा आणि नाड्याला झटका द्या. झटक्याचा थोडाच भाग सुतळीत जातो, उरलेला गाठीवरून मागे फिरतो. तसाच आवाज आतल्या आत फिरत राहतो आणि घंटा घुमत राहते. यावर एक उपाय म्हणजे नाडा आणि सुतळी यांच्यामध्ये मध्यम जाडीचा दोर बांधायचा. ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर असा मधल्या जातीचा थर चिकटवतात. दुसरा उपाय १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात न्यूनहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. त्यांनी अखंड चकतीऐवजी त्या पदार्थाचे बारीक खांब ओळीने उभे केले आणि मधल्या जागेत मऊ राळ भरली. वरून पाहिले तर रावेर-यावलकडची केळीची बाग दिसावी तसे. खांब थरथरायचे काम करतात, राळ सगळ्याला मऊपणा देते. हे मिश्रण पाण्याशी लवकर जुळते, घुमत बसत नाही आणि पुष्कळ सुरांना साथ देते. जिथे जुना ट्रान्सड्यूसर २०० च्या जरा अलीकडे-पलीकडे गात असे, तिथे आजचा सहज १३० ते २१० किलोहर्ट्झ एवढा पल्ला गाठतो.

हे सूर एकदम ओरडून सोडत नाहीत. सोनार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जातो, गवयाने मींड घ्यावी तसा. ही युक्ती वटवाघळांना केव्हाच साधली आहे. आपल्या इकडच्या लेण्यांच्या अंधारात भिंतीला न आपटता फिरणारी अनेक वटवाघळे वरच्या सुरावरून खाली घसरणारा चीत्कार करतात आणि प्रतिध्वनीवरून किडा टिपतात. इंग्रजीत या घसरत्या सुराला ‘चर्प’ म्हणतात, म्हणजे चिवचिव.

त्याचा फायदा आकड्यांत सांगतो. जुन्या सोनारचा आवाज सेकंदाचा हजारावा भाग टिकला, तरी तेवढ्या वेळात तो पाण्यात दीड मीटर लांब पसरतो. त्यामुळे एकाखाली एक असलेल्या दोन वस्तूंमध्ये पाऊण मीटरपेक्षा कमी अंतर असेल तर त्यांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. आवाज आखूड केला तर बारकावा वाढतो, पण जोर कमी पडतो आणि खोलवर पोचत नाही. दोन्ही एकदम मिळेना. घसरत्या सुराने हा पेच सोडवला. आवाज लांब ठेवायचा, म्हणजे जोर टिकतो. प्रत्येक क्षणाचा सूर वेगळा असल्यामुळे परत आलेल्या प्रतिध्वनीची मूळ सुराशी जुळणी करून संगणक त्याला एका बारीक रेघेइतका आखडतो. ८० किलोहर्ट्झचा पल्ला असेल तर पाऊण मीटरचा बारकावा सुमारे एका सेंटिमीटरवर येतो. तळाला टेकून बसलेला मासा तळापासून वेगळा दिसतो, तो यामुळे.

मासेमारीचा विषय निघालाच आहे. मासे शोधायचे पहिले व्यावहारिक यंत्र १९४८ मध्ये जपानमध्ये नागासाकीकडच्या फुरुनो बंधूंनी विकायला काढले. मासा म्हणजे बहुतांशी पाणीच, मग त्यावरून आवाज परत कसा येतो? उत्तर त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीत आहे. पाण्यात तरंगत राहण्यासाठी बऱ्याच माशांना ती असते आणि अशा माशांचा बहुतेक प्रतिध्वनी त्या पिशवीवरूनच येतो. आपल्या धरणांतल्या रोहू-कटल्याला ती दोन कप्प्यांची असते, त्यामुळे ते सोनारवर ठळक दिसतात. सुरमईला ही पिशवी नसते, मोरीला म्हणजे शार्कलाही नसते. म्हणून जुन्या यंत्रावर अंगापिंडाने मोठा मासा फिका आणि लहान मासा ठळक, असा उलटा प्रकार होई.

इथे अनेक सूर कामी येतात. पिशवी असलेला मासा खालच्या सुरांना जोरात ओ देतो. पिशवी नसलेला अटलांटिक बांगडा वरच्या सुरांना अधिक देतो. नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी या फरकावरून बांगड्याचे थवे ओळखायची पद्धत बसवली. कोळंबीसारखे बारीक जीव वरच्या सुरांनाच उजळतात. जात अगदी नावानिशी कळत नाही, पण घोळक्यात कोण असावे याचा भरवशाचा अंदाज येतो.

पिशवीवरून आठवले. आपल्या किनाऱ्यावरचा घोळ मासा याच पिशवीसाठी मोलाचा आहे. कोळी बांधव तिला भोत म्हणतात आणि ती परदेशात औषधी म्हणून चढ्या भावाने जाते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्ह्यात एका नौकेच्या जाळ्यात दीडशेहून अधिक घोळ सापडले आणि त्यांचे सव्वा कोटीच्या वर पैसे झाले, ही बातमी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. घोळीच्या कुळातले मासे ही पिशवी स्नायूंनी थरथरवून स्वतःच आवाज काढतात. मलायाच्या किनाऱ्यावर तर डोके पाण्यात घालून थव्याचा आवाज ऐकणारे जाणकार मच्छीमार असत. म्हणजे माशाला कानाने शोधणे हे काही यंत्राने शिकवलेले नाही.

पण कानाने शोधणे आणि यंत्राने शोधणे यांत फरक आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर शेकडो वर्षे कॉड मासा मुबलक होता. नौकांवर सोनार आले. समुद्रात मासे कमी होत गेले, तरी उरलेले थवे नेमके सापडत राहिल्यामुळे जाळी भरलेलीच येत. जाळे भरते आहे म्हणजे मासा आहे, असा समज झाला. १९९२ च्या जुलैमध्ये सरकारला ती मासेमारी बंद करावी लागली, हजारो माणसे बेकार झाली आणि पुढे कित्येक वर्षे कॉड सावरला नाही. आपल्याकडे पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींसाठी पकडायच्या माशाची किमान लांबी ठरवली. वाइडबँड सोनारचा सर्वांत चांगला उपयोग मला इथे दिसतो. सुटेसुटे मासे वेगळे दिसत असतील, तर प्रतिध्वनीवरून त्यांचा आकारही अजमावता येतो. जाळे टाकण्याआधीच ‘ही पिले आहेत’ हे समजले, तर जाळे न टाकण्याची संधी मिळते. जाळ्यात आल्यावर मेलेली पिले समुद्रात फेकून देण्याने कोणाचेच भले होत नाही. अर्थात पडद्यावर पिले दिसत असताना जाळे टाकायचे की नाही, हे नौकेवरचा तांडेलच ठरवणार. डिझेलचा खर्च तर आधीच झालेला असतो.

खोल समुद्रात दुसरीच गंमत आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन शास्त्रज्ञांना सोनारवर तीन-चारशे मीटरवर तळ दिसू लागला, जिथे खरा तळ कितीतरी खाली होता. आणि हा तळ रात्री वर यायचा, दिवसा खाली जायचा! पुढे उलगडा झाला की ते लहान मासे आणि जीवजंतू यांचे अफाट थर होते. अरबी समुद्रातही असे थर आहेत. त्यांतले अंगावर दिवे असलेले छोटे मासे रात्री चरायला वर येतात. एका सुराच्या यंत्राला तो नुसता एक पट्टा दिसतो, अनेक सुरांना त्यातले मासे आणि कोळंबीसारखे जीव निराळे काढता येतात.

समुद्रतळाच्या मोजणीत आपला गोवा पुढे आहे. दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्या ‘गवेषणी’ या जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागराच्या तळावरून मँगनीज, निकेल, तांबे असलेले बटाट्याएवढे गोळे वर काढले. १९८७ मध्ये त्या भागात शोध घेण्याचा अधिकार भारताला मिळाला आणि आज ७५,००० चौरस किलोमीटरचे क्षेत्र आपल्याकडे आहे. तिथली खोली पाच किलोमीटरच्या आसपास. वास्कोला ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. त्यांच्या मोजणीत सापडलेल्या हिंदी महासागरातल्या पाण्याखालच्या डोंगराला आणि कड्यांना २०२४ मध्ये अशोक, चंद्रगुप्त आणि कल्पतरू ही नावे मिळाली. तरीही जगाचा समुद्रतळ २०२५ च्या मध्यापर्यंत जेमतेम २७ टक्केच नीट मोजून झाला होता.

एवढ्या खोलीवर २०० किलोहर्ट्झचा सूर पोचत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते वरचे सूर पिऊन टाकतात. तिथे १२ किलोहर्ट्झसारखे खालचे सूर लागतात, आणि खालच्या सुराचा ट्रान्सड्यूसर आकाराने मोठा. धरणाच्या गोड्या पाण्यात हे क्षार नगण्य असल्याने तोच वरचा सूर अधिक खोल जातो. म्हणजे याबाबतीत हतनूर समुद्रापेक्षा सोपे.

अवघड आहे तो तिथला तळ. समुद्रात खडक असला तर आवाज टणकन परत येतो. धरणात वरचा गाळ दह्यासारखा असतो, पाण्यापेक्षा किंचितच जड. त्याखाली जरा घट्ट गाळ आणि त्याखाली मूळ नदीपात्र. याला तळ म्हणायचे की त्याला? वरच्या सुराचा आवाज दह्यासारख्या थरावरूनच मागे फिरतो. खालच्या सुराचा आत शिरतो आणि घट्ट थरावरून परततो. म्हणून मोजणीच्या नावेवर बहुधा दोन सुरांचे यंत्र लावतात. एकाने पाण्याची खोली, दुसऱ्याने घट्ट थराची, मधला फरक म्हणजे ताजा गाळ. घसरत्या सुराचे, २ ते १६ किलोहर्ट्झ अशा पल्ल्याचे यंत्र असेल तर ते गाळाचे थर पुस्तकाच्या पानांसारखे दाखवते आणि मऊ गाळात अनेक मीटर खोल उतरते. धरण भरले त्या काळचे पात्र कुठे होते आणि त्यावर किती गाळ चढला, हे त्यावरून मोजता येते.

राज्यात २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आली, २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तलावांतून ट्रॅक्टरने गाळ शेतात नेतात. चांगली गोष्ट आहे. मात्र ट्रॅक्टर जातो तो कोरड्या काठावर. मधल्या पाण्याखाली काय साचले आहे हे नावेतूनच मोजावे लागते. केंद्रीय जल आयोग देशभरातल्या धरणांच्या अशा मोजण्यांचे संकलन प्रसिद्ध करतो, त्यात एकाच धरणाच्या दोन मोजण्यांमध्ये कित्येकदा दहा-पंधरा वर्षांचे अंतर दिसते. मध्यंतरीच्या काळात टक्के जुन्याच तक्त्यावरून सांगितले जातात. माझ्या मते टक्क्यांबरोबर तक्ता कोणत्या वर्षीचा आहे हेही सांगायला हवे. डबाबंद वस्तूवर तयार केल्याची तारीख असते, तशी.

मोजणीला उत्तम काळ पावसाळ्यानंतरचा, धरण तुडुंब असताना. नाव कानाकोपऱ्यात जाऊ शकते. सुरुवातीला ट्रान्सड्यूसरखाली ठरलेल्या खोलीवर लोखंडी पाटी सोडून यंत्र ती खोली बरोबर दाखवते का हे पाहतात, कारण आवाजाचा वेग पाण्याच्या उष्णतेप्रमाणे बदलतो. १५ अंशांच्या गोड्या पाण्यात तो सेकंदाला १४६६ मीटर, तर ३० अंशांच्या पाण्यात १५०९. मग उपग्रहावरून जागा पक्की करत या काठापासून त्या काठापर्यंत समांतर रेषांत नाव फिरवायची. शेतात पाभर चालवावी तशी.

एवढे करूनही यंत्र एका ठिकाणी हटकून फसते. गाळात पालापाचोळा कुजला की वायूचे बुडबुडे अडकून राहतात. बुडबुडा म्हणजे माशाच्या पिशवीसारखीच हवा. आवाज तिथेच उधळला जातो आणि खाली सगळे काळोखे दिसते, मग सूर कितीही असोत. कोकण-गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रगाळातही असे वायूचे पट्टे आहेत आणि गोव्याच्या शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे. अशा जागी नकाशावर रिकामा डाग सोडतात आणि तिथे नमुना घेतात. त्यासाठी दोराला बांधलेली वजनदार नळी तळात सोडायची, ती गाळात रुतली की वर ओढायची आणि आतला गाळ कापून थर मोजायचे.